हार्ड डिस्क बंद पडण्याआधी : फाइली, फोटो आणि जुने कागद असे जपा

राजेश्वर : सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या राजेश्वरसारख्या गावात झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातला एक कॉम्प्युटर किती घरांचं काम सांभाळतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. लग्नपत्रिका मराठीत, अर्ज कन्नडमध्ये, आजोबांच्या वेळच्या उर्दू कागदांचे स्कॅन, सगळं एकाच हार्ड डिस्कवर. ती बंद पडली की मग धावपळ सुरू होते. थोडी काळजी आधीच घेतली तर हा प्रसंग टाळता येतो.

आत काय असतं?

१९५६ साली १ नोव्हेंबरला बीदर जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क जगापुढे आणली. कपाटाएवढ्या त्या यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावत होती फक्त ५० लाख अक्षरं. आजची डिस्क तळहातावर मावते, पण तत्त्व तेच आहे. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि वाचणारं टोक तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. म्हणून चालू डिस्कला बसलेला छोटा धक्कासुद्धा महागात पडतो.

लाइट, ऊन आणि धूळ

आपल्या भागात मोठा त्रास विजेचा. लिहिणं चालू असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते, कधी विंडोजच उघडत नाही. साधा ६०० व्हीएचा यूपीएस काही मिनिटं देतो. तेवढ्यात काम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायचा. यूपीएसवर प्रिंटर लावू नका. दुकानाचं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आत असलेलं बरं, ५५ च्या पुढे गेलं तर पंखा आणि हवेची वाट बघा. सीपीयूचा डबा जमिनीवर नको, भिंतीला चिकटून नको. दोन-तीन महिन्यांतून एकदा, प्लग काढून, आतली धूळ ब्लोअरने उडवा. मात्र हार्ड डिस्कची पेटी कधीही उघडायची नाही. धुळीचा एक कणही तबकडी खराब करू शकतो.

डिस्क आधी काय सांगते?

फाइल उघडायला खूप वेळ लागणं, फोल्डर गायब होणं, कॉम्प्युटर मधेच अडकणं, आतून टक-टक आवाज येणं, ही लक्षणं आहेत. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर दुरुस्तीच्या मागे लागू नका, आधी फाइली दुसरीकडे काढा. दुखणाईत डिस्कवर ‘चेकडिस्क’ चालवलं तर ती तिथेच मान टाकू शकते. आणि ‘गुड’ दिसलं म्हणून निर्धास्तही राहू नका, कित्येक डिस्क काहीच लक्षण न दाखवता जातात.

एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे धक्क्याची भीती कमी. पण ती गेली तर अचानक जाते आणि डेटा परत मिळवणं अवघड असतं. तिला डीफ्रॅग करू नका. वर्षानुवर्षं न जोडता कपाटातही ठेवू नका.

आधी काय वाचवायचं?

इकडची पहाणी आणि तिकडचा सातबारा सरकारी दप्तरातून पुन्हा काढता येतो. लग्नाचे फोटो, वारलेल्या माणसाचा आवाज, विरत चाललेल्या जुन्या कागदाचा स्कॅन पुन्हा मिळत नाही. सुरुवात तिथून करा.

नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी ऑनलाइन. नेट धड चालत नसेल तर तिसरी प्रत पाहुण्यांकडे ठेवा. आपले सोयरे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेतच. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नका, कारण खंडणी मागणारा व्हायरस आला तर तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. महिन्यातून एकदा बॅकअपमधल्या दोन-चार फाइली उघडून बघा. उघडत नसेल तर तो बॅकअप नव्हे.

डीटीपीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसेल तर वाचता येत नाही. म्हणून फाइलसोबत तिची पीडीएफ प्रतही ठेवा.

बंद पडलीच तर

कॉम्प्युटर लगेच बंद करा. वारंवार चालू करून बघणं, फ्रीजमध्ये ठेवणं, ठोकणं, यातून नुकसानच होतं. चुकून फाइल डिलीट झाली असेल तर त्या डिस्कवर नवीन काही उतरवू नका. डिस्क उघडून डेटा काढणारी धूळमुक्त प्रयोगशाळा हैदराबाद, पुण्यासारख्या शहरात गाठावी लागते, खर्च हजारांत जातो आणि सगळं मिळेलच असं नाही. त्यापेक्षा बाहेरची एक डिस्क केव्हाही स्वस्त.

जुना कॉम्प्युटर विकतानाही जपा. नुसतं क्विक फॉरमॅट मारलं तर आधार, बँक पासबुकाचे स्कॅन परत काढता येतात. आधी डिस्क काढून घ्या, मगच विका.