कुलाब्याचे अफगाण चर्च : भिंतीवरची नावे

नेव्हीनगरकडे जाताना जे उंच मनोऱ्याचे चर्च दिसते, त्याचे नाव सेंट जॉन. पण सगळे म्हणतात अफगाण चर्च. १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत जे मेले, त्यांचे हे स्मारक. १८५८ मध्ये त्याचे विधिवत उद्घाटन झाले, मनोरा मात्र १८६५ पर्यंत रखडला.

आम्ही आत गेलो की अडखळतो ते तिथल्या लेखापाशी. अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर आहेत. आणि साधे शिपाई? लेख सांगतो, ते इतके होते की सगळ्यांची नावे लिहिता येत नाहीत. आता हे कारण झाले का हो? म्हणजे जितके जास्त मेले, तितकी नोंद कमी! कंपनीच्या मुंबई फौजेत आपल्या कोकणातली माणसे पुष्कळ होती, हे इथे लक्षात घ्या. लेख लिहिणाऱ्याने नावे गाळल्याचे लपवले नाही, एवढे आम्ही त्याच्या बाजूने धरतो. पण दिल्लीचे इंडिया गेट बघा. १९३१ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या वास्तूवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरली आहेत, आणि त्यांत साधे शिपाईही आहेत.