मसाला लावून तव्यावर शेकलेला मासा : ट्यूनाची पद्धत, आपली मरळ

मोठ्या हॉटेलात ट्यूनाचे तुकडे स्टार्टर म्हणून देतात. बाहेरून मसाल्याचा काळपट थर, आत गुलाबी आणि कच्चा. जपानात या प्रकाराला ताताकी म्हणतात. मोबाईलवर असे व्हिडिओ बघून घरातली पोरं विचारतात, आपल्या माशाचं असं होईल का? होईल. पण आत कच्चं ठेवायचं नाही.

याचं कारण समजून घ्या. तो ट्यूना समुद्रातला, कच्चा खाण्यासाठीच पकडल्यापासून कडक थंडीत ठेवलेला असतो. आपल्या कारंजा जलाशयातली, मांजरा नि भीमेतली मरळ, कटला, रोहू, चिलापी गोड्या पाण्यातली. गोड्या पाण्यातल्या माशात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. ते मारायला उणे 20 अंशांवर निदान 7 दिवस मासा ठेवावा लागतो. घरच्या फ्रीजचा त्यावर भरवसा नको. लिंबू पिळल्यानं मांस पांढरं दिसतं, पण जंत मरत नाहीत. म्हणून मासा आतपर्यंत शिजलाच पाहिजे.

करायचं असं (अर्धा किलो)

मरळ किंवा कटल्याचे बोटभर जाडीचे तुकडे घ्या. मीठ, हळद, लिंबू लावून 10 मिनिटं ठेवा. मग फडक्यानं कोरडे पुसा. ओला तुकडा तव्याला चिकटतो आणि मसाला सुटतो.

2 चमचे धणे, 2 चमचे तीळ, 1 चमचा जिरं, अर्धा चमचा मिरे कोरडे भाजून जाडसर कुटा. 1 चमचा तिखट, ठेचलेला लसूण आणि मूठभर ज्वारीचं पीठ मिसळा. हे तुकड्यांवर हातानं दाबून बसवा.

लोखंडी तवा चांगला तापवा. करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल सोडा. तुकडे ठेवल्यावर लगेच हलवू नका. खालची बाजू खरपूस झाली की उलटा आणि आच मध्यम करा. प्रत्येक बाजूला 3 ते 4 मिनिटं. सगळ्यात जाड तुकडा मधे फोडून बघा. मांस पांढरं होऊन पाकळ्या सुटल्या की झालं. काचेसारखं दिसलं तर आणखी ठेवा. कांदा, लिंबू आणि शेंगाचटणीसोबत गरम वाढा.

बाजारातला कुपा घेताना

कुपा, म्हणजे ट्यूना, आपल्याकडे किनाऱ्यावरून बर्फातून येतो. या माशाचं अंग पाण्यापेक्षा गरम असतं, त्यामुळे बर्फ कमी पडला की तो लवकर बिघडतो. मग त्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, अंगाला खाज येते, डोकं दुखतं, छाती धडधडते. हे विष शिजवून जात नाही, नंतर बर्फात ठेवूनही जात नाही. वासावरून दर वेळी कळेलच असंही नाही. म्हणून बर्फाविना मांडलेला कुपा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्रास झाला तर दवाखान्यात जा, आणि कोणता मासा खाल्ला ते डॉक्टरांना सांगा.

होडीवाल्यांसाठी

चव तव्यावर येते, पण मासा टिकतो तो बर्फावर. जाळ्यातून काढला की सावलीत घ्या. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ धरा. पेटीत खाली बर्फ, मधे मासा, वर बर्फ. वितळलेलं पाणी खालून निघून जाऊ द्या. बर्फाचे पैसे वाचवायला गेलं तर बाजारात भाव जातो, आणि गिऱ्हाईक आजारी पडलं तर सगळ्यांच्याच मासळीचं नाव जातं.