भरतीच्या घड्याळावरचा एक दिवस
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईला गेटवेवरून लाँचमध्ये बसून घारापुरीला जाऊन आला नाहीत, असे तुमच्यापैकी थोडेच असतील. सकाळी निघायचे, तासाभराने बेटावर उतरायचे, लेणी पाहायची, माकडांपासून हातातली पिशवी सांभाळायची आणि संध्याकाळी परत. आता अशाच एका दिवसाची कल्पना करा. बोट आहे, बेटे आहेत, गुहाही आहेत. फरक इतकाच की या गुहा माणसाने छिन्नीने खोदलेल्या नाहीत, पाण्याने कोरल्या आहेत. आणि त्यांचा दरवाजा कधी उघडायचा, कधी लावायचा, हे समुद्र ठरवतो.

ही जागा आहे थायलंडच्या दक्षिणेला, फुकेत बेटाच्या ईशान्येकडचा फांग-न्गा उपसागर. सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा हा भाग १९८१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. हिरवट, शांत, उथळ पाणी आणि त्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे सुळके. फुकेतहून दिवसाच्या सहली निघतात. मोठ्या बोटीतून उपसागरात जायचे, तिथे छोट्या कयाकमध्ये बसून गुहांत शिरायचे, एक-दोन बेटांवर उतरायचे, बोटीवरच जेवायचे आणि परतायचे. आमचा मुलगा नोकरीनिमित्त सिंगापूरला असतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही दोघे, तो, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू असे गेलो होतो. मी भूगोलाचा मास्तर. त्यामुळे सहलीपेक्षा दगडाकडे लक्ष जास्त!

पहिला प्रश्न असा की तिथे गुहा आपोआप का झाल्या, आणि आपल्याकडे अजिंठा-घारापुरीला माणसांना इतके कष्ट का पडले? उत्तर दगडात आहे. आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा. हा काळा कातळ पाण्यात विरघळत नाही. फांग-न्गाचा दगड चुनखडीचा. पंचवीस कोटी वर्षांहूनही पूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी शंख-शिंपल्यांचा आणि इतर जीवांच्या सांगाड्यांचा थर साचून तो तयार झाला. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीला हळूहळू विरघळवते. भेगेची फट होते, फटीची गुहा होते. छतातून झिरपणारे थेंब विरघळलेला चुना मागे ठेवतात, त्यातून लोंबते लवणस्तंभ तयार होतात.

दुसरा टप्पा समुद्राचा. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरातल्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा हा उपसागर नव्हताच. ती जमीन होती आणि आजची बेटे म्हणजे त्या जमिनीवरचे डोंगर. बर्फ वितळले, पाणी चढले, दऱ्या बुडाल्या आणि डोंगरांची बेटे झाली.

काही बेटांच्या पोटातल्या गुहांचे छत कोसळले. त्यामुळे बेटाच्या मधोमध, चारी बाजूंनी उंच कडे आणि वर मोकळे आभाळ असलेला चौकच तयार झाला. आपल्या जुन्या वाड्यातला चौक डोळ्यांपुढे आणा, फक्त फरशीच्या जागी समुद्राचे पाणी. थाई भाषेत याला ‘हाँग’ म्हणतात. हाँग म्हणजे खोली. बाहेरून बेट पाहिले तर आत असे काही असेल याची शंकाही येत नाही. आत जायचा रस्ता एकच, कड्याच्या पायथ्याशी असलेला काळोखा, ठेंगणा बोगदा.

आणि इथेच भरती-ओहोटी येते. पाणी फार उतरले तर बोगद्यात चिखल उरतो, कयाक चालत नाही. पाणी फार चढले तर बोगद्याचे छत पाण्याला टेकते. या दोन्हींच्या मधला जो थोडा वेळ, तोच दरवाजा उघडा असण्याचा. प्रत्येक हाँगची वेळ वेगळी आणि ती रोज बदलणारी. म्हणून चांगल्या सहलीत छापील वेळापत्रक नावापुरते असते. आज आधी गुहा, मग जेवण. चार दिवसांनी आधी बेट, मग गुहा.

कोकणातल्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्या किनाऱ्यावर एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा. पक्ष कुठलाही असो. चंद्र रोज साधारण पाऊण तासाने उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. हा आकडा आपल्या किनाऱ्याचा आहे, तो फांग-न्गाला जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथली भरतीची घटका निराळी. पण रोज पाऊण तास पुढे सरकणे तेच, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण तेच आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती तीच. चंद्र एकच ना!

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी. इथल्या सहलींत ती बहुधा हवा भरलेली असते. एका होडीत दोन पाहुणे आणि मागे वल्हवणारा वाटाड्या. आपण फक्त पाय पसरून बसायचे. बोगदा आला की वाटाड्या आडवे व्हायला सांगतो. तो सांगेल तेव्हा पाठीवर निजायचे, हात होडीच्या आत घ्यायचे. भिंतींवर कालवांचे थर असतात आणि कालवाची धार काय असते, हे ज्याने खडकावर पाय कापून घेतला आहे त्यालाच कळते. मग अंधार, बॅटरीचा झोत, वर लोंबणारी वटवाघळे, त्यांचा उग्र दर्प आणि नाकापासून वीतभर अंतरावरून सरकणारे छत. मिनिटा-दोन मिनिटांत डोळ्यांवर उजेड येतो आणि आपण चौकात असतो. खारफुटीची झाडे, चिखलात टुणटुणणाऱ्या निवट्या, कड्यावरून खेकडे शोधायला उतरलेली माकडे. आत सगळे हळू बोलतात. कोणी सांगावे लागत नाही.

पहिला हाँग असा पाहून झाला. दुसऱ्याच्या तोंडाशी आमच्या वाटाड्याने होडी थांबवली, भिंतीकडे पाहिले आणि मान हलवली. आज नाही. मुलाला ते पटले नाही. आतला उजेड तर समोर दिसत होता, अंतर जेमतेम तीस-चाळीस फूट. शिवाय पैसे पूर्ण दिवसाचे भरलेले. तो जरा आवाज चढवून म्हणाला, ‘‘दहा मिनिटांत जाऊन येऊ.’’ नातू त्याच्याच होडीत, पुढे बसलेला. वाटाड्या पंचविशीचा पोरगा असेल. तो चिडला नाही. वल्ह्याच्या टोकाने त्याने भिंतीवरची कालवांची रेघ दाखवली. अर्धी पाण्याखाली गेलेली होती. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला, ‘‘आत जाता येईल. बाहेर येता येणार नाही.’’

त्या दहा मिनिटांचा हिशेब मी नंतर मुलाला करून दाखवला, तो तुम्हालाही सांगतो. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. पण पाणी सहाही तास सारखे चढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात अगदी थोडे, आणि मधल्या तिसऱ्या-चौथ्या तासांत एकूण चढाच्या निम्मे. एकूण चढ अडीच मीटर धरला तर या दोन तासांत सव्वा मीटर. म्हणजे दहा मिनिटांत दहा सेंटिमीटर. छत आधीच नाकापासून वीतभर असताना दहा सेंटिमीटर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आत अडकले तर पाणी पुन्हा उतरेपर्यंत काही तास तिथेच.

मी मात्र त्या वेळी गप्प होतो. माझ्या डोळ्यांपुढे आमची खाडी होती. मी सातवीत असताना गावातले तिघे कालवे काढायला ओहोटीला खडकावर गेले. कालवे भरपूर लागली होती, आणखी एक टोपली म्हणून ते थांबले. घरून निघताना म्हाताऱ्या तांडेलाने वेळ बजावून सांगितली होती. पाणी मागून, चरातून आले. दोघे पोहून आले. तिसरा माझ्याच बाकावर बसणारा होता. पाणी नेहमी समोरूनच येते, असे शहरातल्या माणसाला वाटते. ते मागून येते. मुलाला ही गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी बोटीवर सांगितली.

दुपारी बोटीने दोन थांबे घेतले. पहिला खाओ फिंग कान, म्हणजे एकमेकांना टेकलेले डोंगर. समोर पाण्यात को तापू हा सुळका उभा आहे. तापू म्हणजे खिळा. उंची सुमारे वीस मीटर, वर रुंद आणि पायथ्याशी निमुळता. ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ या १९७४ च्या जेम्स बाँडच्या चित्रपटात तो दिसला आणि जगभर प्रसिद्ध झाला. गर्दी इतकी की फोटोसाठी रांग लावावी लागते. पण निमुळता पायथा नीट पाहा. लाटा आणि भरती-ओहोटी रोज तिथेच घासतात, म्हणून दगड तिथेच झिजतो. झीज वाढू नये म्हणून १९९८ पासून बोटींना सुळक्याजवळ जायला बंदी आहे.

दुसरा को पन्यी. एका प्रचंड कड्याच्या आडोशाला पाण्यात खांब रोवून वसवलेले कोळ्यांचे गाव. जावा बेटाकडून आलेल्या मुसलमान मच्छीमारांनी ते वसवले, असे सांगतात. वस्ती दीडेक हजाराची. मशीद आहे, शाळा आहे आणि पाण्यावर तरंगणारे फुटबॉलचे मैदान! १९८६ च्या विश्वचषकाने वेड लागलेल्या मुलांनी जुने तराफे आणि लाकडे जोडून पहिले मैदान केले. चेंडू पाण्यात गेला की उडी मारायची. इथे दुकानांतून पळत सुटू नका. गल्लीत आत जा, जाळी दुरुस्त करणाऱ्या बाईकडे पाहून हसा. आपल्याच कोळीवाड्यात आल्यासारखे वाटेल.

आता काही कामाच्या गोष्टी. जायचे तर नोव्हेंबर ते एप्रिल. आपल्याकडे जूनमध्ये येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा तिकडेही साधारण मे ते ऑक्टोबर असतो. बेटांच्या आडोशामुळे हा उपसागर तुलनेने शांत असतो, पण बाहेरचा समुद्र नसतो. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट उलटून ४७ जणांचा मृत्यू झाला, हे लक्षात ठेवा.

पोहता येत नसले तरी जाता येते, मात्र लाइफ जॅकेट अंगावर आणि पट्टे आवळलेले हवे. उशाशी ठेवलेले जॅकेट बुडताना घालता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान नौका धडकली आणि १५ जण गेले. त्या दिवशी समुद्र शांतच होता. संकट यायला वादळच लागते असे नाही.

गुडघे दुखत असतील तर मोठ्या बोटीतून कयाकमध्ये उतरण्याची सोय आधी विचारा. अंधाराची, कोंडल्याची भीती वाटत असेल तर तसे स्पष्ट सांगा, बोटीवर थांबण्यात कमीपणा नाही. शाकाहारी जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि मासळीच्या सॉसशिवाय हवे, हेही सांगा. प्रवाळाला अपायकारक द्रव्ये असलेल्या सनस्क्रीनवर तिथल्या सागरी उद्यानांत २०२१ पासून बंदी आहे, त्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा आणि टोपी बरी. काही गुहांत पाकोळ्यांच्या घरट्यांचा मक्ता दिलेला असतो. ही घरटी खाण्यासाठी मोठ्या किमतीला विकली जातात. अशा गुहांत शिरू नका.

आणि सहल ठरवताना पैशांच्या आधी एक प्रश्न विचारा: ‘‘त्या दिवशी भरती किती वाजता आहे आणि गुहेत किती वाजता नेणार?’’ ज्याला उत्तर देता येईल, त्याच्याबरोबर जा. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने नेतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी झपाट्याने चढते-उतरते, तेव्हा गुहेत मिळणारा वेळही कमी. घरातल्या कालनिर्णयवर तिथी पाहायला काहीच खर्च नाही.

परतताना मुलगा त्या वाटाड्याशी बराच वेळ बोलत होता. उतरताना त्याने त्याचा हात हातात घेतला. दुसरा हाँग आमचा राहिला तो राहिलाच. नातू विचारतो, पुन्हा कधी जायचे? मी म्हणतो, जाऊ. आधी तिथी बघू.