गिऱ्हाईकासाठी लिहिणे : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

धंद्याच्या नावाने नियमित केलेले माहितीपर लेखन म्हणजे लांबवलेली जाहिरात, हा या विषयातला सर्वांत जुना गैरसमज आहे. मजकूर छापील पत्रकात असो, वर्तमानपत्राच्या सदरात असो की व्हॉट्सअ‍ॅपवर, समजूत तीच. महाराष्ट्रात ती शंभर वर्षांपूर्वीच खोटी ठरली आहे. लोखंडी नांगराने जमीन नासते असे शेतकरी मानत असताना लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगर विकायचे होते. त्यांच्याच नांगराच्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. संपादक शं. वा. किर्लोस्कर. कारखान्याच्या बातमीपत्रापासून सुरुवात झाली, पण मजकूर कारखान्यापुरता राहिला नाही. उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा असे विषय येत गेले आणि १९२९ मध्ये अंकाचे नाव नुसते 'किर्लोस्कर' झाले. पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. ज्यांना नांगराशी काही कर्तव्य नव्हते अशा घरांतही हे अंक वाचले जात. प्रत्येक दुकानदाराने मासिक काढावे असा याचा अर्थ नाही. वाचकाला मालाखेरीज काही मिळाले तरच तो पुढचा मजकूर उघडतो, एवढेच यातून घ्यायचे. 

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो. आपल्याला माहीत आहे ते सगळे लिहून टाकले, तर गिऱ्हाईक ते वाचून दुसरीकडे जाईल, ही ती भीती. काटोल, नरखेड भागातला संत्र्याचा रोपवाटिकाधारक घेतला तर वस्तुस्थिती नीट दिसते. त्याच्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. कलमाचा डोळा कोणत्या खुंटावर भरला आहे, जंबेरीवर की रंगपूर लिंबावर? रंगपूर लिंबाचा खुंट पाण्याचा ताण आणि डिंक्या रोग तुलनेने जास्त सोसतो. डोळा जमिनीपासून पुरेशा उंचीवर भरलेला असावा लागतो, आणि रोप लावताना तो जोड मातीखाली जाऊ द्यायचा नसतो. पावसाळ्यापूर्वी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात. यातले काहीच गुपित नाही. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत ही माहिती विचारणाऱ्याला मिळते. मात्र रोपवाटिकेने ती स्वतः लिहून दिली, तर विकत घेणारा रोप हातात धरून जोड कुठे आहे ते पाहतो. ज्याची रोपे चांगली आहेत त्याला ही पारख हवीच असते. निकृष्ट रोपे विकणाऱ्याला ती नको असते, म्हणून तो लिहीत नाही. लपवण्याजोगे ते थोडेच: खरेदीचे भाव, गिऱ्हाइकांची नावे, त्यांचे फोन नंबर.

रोज काहीतरी टाकत राहावे, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यानेच बहुतेकांचे लेखन तिसऱ्या महिन्यात आटते. सणाच्या शुभेच्छा आणि सुविचारांनी जागा भरता येते, पण त्यासाठी गिऱ्हाईक थांबून राहत नाही. धंद्याचे स्वतःचे पंचांग असते, लेखन त्यावर बसवावे. संत्र्याची लागवड पावसाळ्यात होते, तेव्हा रोपांच्या निवडीबद्दलचा मजकूर मे महिन्यात हवा. ऑगस्टमध्ये तो कितीही चांगला लिहिला तरी उशीर झालेला असतो. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबरपासून आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून बाजारात येतात, हे फळविक्रेत्याने आधीच सांगितले तर गिऱ्हाईक अवेळी आलेल्या मालाकडे डोळसपणे पाहते. वर्षाला आठ-दहा मजकूर, पण वेळेवर, एवढे पुष्कळ झाले.

लिहायला भाड्याचा लेखक आणला की काम झाले, असेही मानले जाते. भाषा तो सुधारू शकतो. प्रश्न मात्र गल्ल्यावर बसणाऱ्याला आणि फोन उचलणाऱ्याला माहीत असतात. त्यांच्याकडे एक वही ठेवावी आणि गिऱ्हाईक जे विचारते ते त्याच्याच शब्दांत टिपावे. विषय कमी पडत असल्याची तक्रार बहुधा तिथेच मिटते. मराठीत लिहिले तर धंदा लहान वाटतो, या समजुतीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गिऱ्हाईक प्रश्न ज्या भाषेत विचारते, उत्तर त्याच भाषेत द्यावे.

कायद्याबद्दलचा गैरसमज महागात पडू शकतो. 'ही जाहिरात नाही, नुसती माहिती आहे' असे म्हटल्याने जबाबदारी टळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जाहिरातीची व्याख्या व्यापक आहे. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात तर १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने निषिद्धच आहे. 'नागपुरी संत्रा' या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या प्रदेशातला किन्नो जातीचा संत्रा त्या नावाने खपवणे ही निव्वळ चतुराई राहत नाही, तो कायदेभंग ठरतो. दुसऱ्याचे छायाचित्र न विचारता वापरणाऱ्याने स्वामित्वहक्काचा १९५७ चा कायदाही लक्षात ठेवावा.

एकदा लिहिले की काम संपले, हा शेवटचा गैरसमज. भाव बदलतात, अनुदानाच्या अटी बदलतात, एखाद्या औषधाची शिफारस मागे घेतली जाते. म्हणून प्रत्येक मजकुरावर तारीख हवी, आणि जुना मजकूर वर्षातून एकदा तपासून दुरुस्त करावा किंवा काढून टाकावा. चूक दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यावे आणि दुरुस्ती उघडपणे छापावी. परिणाम मोजताना किती जणांनी वाचले यापेक्षा फोनवरचे कोणते प्रश्न कमी झाले, आणि गिऱ्हाईक आता कोणते नवे प्रश्न घेऊन येते, हे वहीतच पाहावे.