तेल लागले म्हणजे हाती आले काय?

रायगड जिल्ह्यातील कासूच्या पुढच्याच रेल्वे स्थानकावर, नागोठण्याला, पेट्रोरसायनांचा अवाढव्य कारखाना आहे आणि जिल्ह्याच्या उत्तर टोकाला उरण येथे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रकल्प आहे. त्यामुळे पेण-रोह्याच्या भूगर्भातही तेल असावे, अशी कित्येकांची दृढ समजूत असते. वस्तुतः नागोठण्याचा कारखाना ज्यावर उभा राहिला तो वायू मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर दूर, अरबी समुद्रातील ‘मुंबई हाय’ परिसरातून उरणला येतो. आपल्या पायांखाली आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण. खारेपाटातल्या भातखाचरात कधी इंद्रधनुषी तवंग दिसतो, तोही बहुधा लोहजीवाणूंचा असतो. काडीने डिवचला असता त्याचे तुकडे होऊन ते तसेच राहतात. तेलाचा तवंग असेल तर तो पुन्हा जुळून येतो.

दुसरा समज याहून चिवट आहे. भूगर्भात तेलाचे तळे असते, त्यात नळी सोडायची की काम झाले! मुंबई हायचे बहुतेक तेल समुद्रतळाखाली हजार मीटरांहून अधिक खोल असलेल्या चुनखडीत, भिजलेल्या विटेतील पाण्याप्रमाणे, सूक्ष्म छिद्रांत मुरलेले आहे. म्हणून खडकात पोकळी किती, त्या पोकळ्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत की नाहीत, आणि त्यांत तेल किती व खारे पाणी किती, या तीन प्रश्नांचा निवाडा लागल्यावाचून व्यापारी उत्पादनाची भाषाच करता येत नाही. त्यासाठी खडकाचे दंडगोलाकार नमुने वर काढून तपासतात आणि विहिरीत उपकरणे सोडून विद्युत्‌रोध मोजतात. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, तेलातून वाहत नाही, एवढ्या साध्या भेदावर हा सारा मामला उभा आहे.

साठच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने झालेल्या भूकंपीय पाहणीने मुंबई हायच्या समुद्राखालच्या उंचवट्याचा आकार दाखविला होता; परंतु आकार म्हणजे तेल नव्हे. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या सागरी खोदयंत्रणेने खोदलेल्या विहिरीत तेल लागले, तरी उत्पादन सुरू व्हावयास मे 1976 उजाडला, आणि ही गतीसुद्धा शीघ्रच म्हटली पाहिजे. कारण पहिली विहीर केवळ अस्तित्वाची साक्ष देते. साठ्याची हद्द ठरविण्यास चोहोबाजूंनी आणखी विहिरी खणाव्या लागतात, त्या काही काळ वाहू देऊन मग बंद करतात, आणि दाब किती वेगाने पूर्ववत होतो यावरून खडकाची देण्याची शक्ती अजमावतात. माझ्या मते या सर्व उद्योगात हाच भाग सर्वांत बुद्धिमान आहे.

राहिला ‘साठा’ या आकड्याविषयीचा भ्रम. जमिनीत असलेले सारे तेल साठ्याच्या खात्यात जमा होत नाही. त्या त्या काळच्या साधनांनी व भावाने जेवढे परवडेल तेवढेच त्यात धरतात. ऑक्टोबर 1973 ते जानेवारी 1974 या अवधीत जगात तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला, आणि खडकाचा एक कणही न हलता कित्येक तोट्याची क्षेत्रे फायद्याची ठरली. पाणी आत दाबून दाब टिकविला तरी वसुली पूर्ण होत नाही: मुंबई हायसारख्या मोठ्या, दीर्घकाळ चाललेल्या क्षेत्रातही मूळ तेलाचा निम्म्याहून अधिक भाग खडकातच राहतो.