ऑपरेशननंतर कुत्र्याचं दुखणं: करंटचं मशीन लावण्याआधी हे वाचा

तुमच्या टॉमीचं पायाचं ऑपरेशन झालंय, टाके नीट आहेत, पण त्याला दुखतंय का? हे ओळखणं सोपं नसतं. दुखलं की कुत्रा केकाटतोच असं नाही, बऱ्याचदा तो गप्प होतो. खाणं सोडतो, रात्रभर जागा बदलतो, टाके चाटत राहतो, हात लावला की गुरगुरतो. असं दिसलं तर उद्यावर ढकलू नका, डॉक्टरांना लगेच फोन करा.

वेदनेवर मुख्य इलाज औषधांचाच. त्याच्या जोडीला काही पशुवैद्य 'टेन्स' वापरतात. कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट सोडणारं हे छोटं मशीन. कोपर दारावर आपटलं की आपण ते चोळतो आणि जरा बरं वाटतं, तसाच हा प्रकार. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की वेदनेच्या संदेशांची वाट अडते, असा सिद्धांत रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला होता. माणसांच्या फिजिओथेरपीत टेन्स जुनंच आहे. कुत्र्यांवरचे अभ्यास मात्र थोडे आणि छोटे आहेत, त्यामुळे कुणी 'गोळ्या बंद करा, हेच पुरे' म्हणालं तर ऐकू नका.

आजीच्या गुडघ्यासाठी आणलेलं मशीन घरात असेल, तर ते आपल्या मनाने कुत्र्याला लावू नका. करंट जास्त झाला तर आजी सांगेल, टॉमी कसा सांगणार? शिवाय पॅड कुठे लावायचे हे महत्त्वाचं. उघड्या जखमेवर, गळ्यावर, छातीवर हृदयाजवळ, गाठीवर किंवा गाभण कुत्रीच्या पोटावर ते लावत नाहीत. फिट येत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. दिसायला तसंच, पण स्नायू आकुंचन पावावेत म्हणून वापरायचं मशीन वेगळं असतं. ताज्या टाक्यांजवळ ते डॉक्टरांना न विचारता लावणं धोक्याचं.

आणि हो, घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी कुत्र्याला देऊ नका. पोटात अल्सर होऊ शकतो, किडनी निकामी होऊ शकते.

जबलपूरच्या गोहलपूर भागातल्या वाचकांनो, तुमच्याच शहरातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून सुरू आहे. आता ते नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठात येतं. (नानाजी मूळचे हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे, म्हणजे आपलेच!) टेन्सची सोय आहे का, हे मात्र जाण्याआधी फोनवर विचारून घ्या.

डॉक्टरांनी होकार दिलाच, तर पॅडच्या जागचे केस कापावे लागतात, जेल लावावं लागतं, कारण दाट केसांतून करंट नीट पोहोचत नाही. एक बैठक साधारण २० ते ३० मिनिटांची. पहिल्या वेळी त्याच्या डोक्याशी बसा, करंट अगदी हळूहळू वाढवू द्या. तो अंग आखडू लागला किंवा वळून वळून पॅडकडे बघू लागला, तर लगेच थांबायला सांगा.