दिल्या किती, खाल्ल्या किती

ओळखीतल्या एका बाळंतिणीचं माता-बाल संरक्षण कार्ड हातात आलं. चौथ्या महिन्यात एचबी (हिमोग्लोबिन) ९.२, आठव्या महिन्यात ९.१. मधल्या प्रत्येक तपासणीला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्याची नोंद. मग रक्त वाढलं का नाही? कार्डावर उत्तर नव्हतं, म्हणून रत्नागिरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात गेले.

गरोदर बायकांचं वजन, बीपी, एचबी भराभर उरकलं. गोळ्यांशी मात्र सिस्टर थांबल्या. "आता १८०, बाळंतपणानंतर पुन्हा १८०," हे त्या प्रत्येकीला सांगत होत्या. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. पाकीट फाडताच गंजल्या खिळ्यासारखा वास आला आणि समोरच्या मुलीनं तोंड फिरवलं. "मॅडम, वासानंच मळमळतं."

"रात्री जेवल्यावर घे. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच. शी काळी झाली तरी घाबरू नको."

माझ्या मते त्या दिवसाचा खरा उपचार हाच. नंतर सिस्टर ऑनलाइन नोंदी भरायला बसल्या. "दिल्या किती, ते इथं भरते. खाल्ल्या किती, ते माझ्या वहीत."

ही वही मोलाची आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बायकांना बहुधा वगळतात. त्यामुळे अशी औषधं त्यांना कशी लागू पडतात, हे बरंचसं रोजच्या नोंदींतून शोधावं लागतं. लोहाची गोळी नवी नाही, पण तिलाही नोंद लागतेच. १८० गोळ्या नियमित घेऊनही एचबी हलत नसेल, तर जंत, बी-१२ची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा वाहकपणा तपासायला हवा. गोळ्या पोटातच गेल्या नसतील, तर प्रश्नच वेगळा. गोळ्या खाणारी आणि न खाणारी, संगणकावर दोघी सारख्याच दिसतात.

आईचं लोह कमी असेल तर बाळाचा साठाही अपुरा राहू शकतो. सहा महिन्यांनंतर त्याला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं औषध देतात. आईची आणि बाळाची नोंद जोडलेली असेल, तरच दोघांचं एकत्र कळेल. कोकणात ही जोडणी वारंवार तुटते. नवरा मुंबईला, तपासण्या सासरी, बाळंतपण माहेरी, आणि कार्ड सासरच्या कपाटात.

या नोंदींच्या अभ्यासकांनी आकडेमोडीआधी सिस्टरच्या वहीतला 'खाल्ल्या किती' हा रकाना संगणकात आणावा. आणि तुमच्या घरातली सून माहेरी निघाली, की कपड्यांआधी ते कार्ड तिच्या पिशवीत घाला.